ढिगातल्या रेकॉर्ड : जे सगळ्यांकडे होतं त्याचं काय करायचं?

कामाच्या दिवशी संध्याकाळी, कंपन्या सुटायच्या वेळेला, महापेत शास्त्रीय संगीतावरच्या व्याख्यानाला एवढी माणसं आली याचा आम्हाला आनंद आहे. विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं की दुर्मीळ ध्वनिमुद्रिकांबद्दल सांगणार ना? नाही. दुर्मीळ रेकॉर्डवर बोलणारे पुष्कळ आहेत. आज आपण बोलणार आहोत ते सहज मिळणाऱ्या, कुणालाच नको असलेल्या, रद्दीच्या गठ्ठ्यात सापडणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डबद्दल. पुढे कॅसेट आणि सीडीही येतीलच.

इंग्लंडमध्ये यासाठी एक ठरलेली जागा असते. ऑक्सफॅमसारख्या धर्मादाय संस्थांची दुकानं गावोगाव आहेत. घर आवरलं की नको असलेले कपडे, पुस्तकं, रेकॉर्ड तिथे देऊन टाकायच्या, संस्था त्या विकते आणि पैसे कामाला लावते. त्या दुकानांतल्या शास्त्रीय संगीताच्या खोक्यात काय असणार हे तिथला नेहमीचा गिऱ्हाईक न बघता सांगतो : रीडर्स डायजेस्टचे जाडजूड संच, कारायाननं वाजवून घेतलेला बीथोव्हन, नाताळची गाणी. आपल्याकडे तशी दुकानं रुजली नाहीत. आपल्याकडे रद्दीवाला आहे, भंगारवाला आहे, मुंबईचा चोर बाजार आहे, पुण्याचा जुना बाजार आहे. आणि इथून शिळफाट्याकडे निघालात तर रस्त्याला भंगाराची गोदामं आहेतच. दान देण्याऐवजी आपण वजनावर देतो, एवढाच फरक. माल मात्र तसाच घरातून निघालेला असतो.

आणि तो सध्या भराभर निघतो आहे. दादर, गिरगाव, ठाणे, डोंबिवली इथल्या जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतायत. सिडकोच्या जुन्या वसाहतींचीही तीच तयारी चालली आहे. आई-वडील गेलेले, मुलं पुण्यात किंवा परदेशात, घर महिन्याभरात रिकामं करायचं. माळ्यावरून एक पेटी खाली येते. फोनो बंद पडून वीस वर्षं झालेली. मग कुणीतरी मोबाईलवर किंमत शोधतो. दोन-चार रेकॉर्ड 'दुर्मीळ' निघतात, त्या बाजूला काढल्या जातात. बाकीच्या काट्यावर जातात.

आमचं म्हणणं या 'बाकीच्या'बद्दल आहे. दुर्मीळ हा बाजाराचा शब्द आहे, संगीताचा नाही. संगीत समीक्षेनं तो बाजाराकडून उचलला आणि त्यामुळे एक मोठी गोष्ट तिच्या नजरेतून सुटली. महाराष्ट्रातला सामान्य श्रोता ज्या रेकॉर्डवर घडला, त्या रेकॉर्ड कलाकृती म्हणून फारशा कुणी तपासल्याच नाहीत. सगळ्यांकडे होत्या म्हणून कुणी जपल्या नाहीत, आणि कुणी जपल्या नाहीत म्हणून आता त्या जातायत.

आधी या ढिगात काय असतं ते पाहू. खोदकामात थर लागतात, तसे इथेही लागतात.

सगळ्यात खालचा थर ७८ च्या रेकॉर्डचा. जड, काळ्या, पडल्या की फुटणाऱ्या. त्या लाखेपासून बनायच्या. ही लाख म्हणजे झाडावरच्या किड्यांनी तयार केलेली, आणि जगाला तिचा मोठा पुरवठा आपल्याच देशातून व्हायचा. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब यंत्र घेऊन आला आणि त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा तबकड्या जर्मनीत, हॅनोव्हरला, छापून यायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि १९२८ मध्ये तो डमडमला गेला. ढिगातल्या बहुतेक एचएमव्हीच्या रेकॉर्डवर डमडमचा उल्लेख दिसतो तो यामुळे. या थरात शास्त्रीय म्हणून काय सापडतं? अब्दुल करीम खाँ, नारायणराव व्यास, हिराबाई बडोदेकर, द. वि. पलुस्कर. आणि नाट्यसंगीत तर भरपूर : बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, दीनानाथ मंगेशकर.

त्याच्यावरचा थर एलपीचा. भारतात ७८ साठच्या दशकातही निघतच होत्या, पण तोवर एलपीनं जम बसवला होता. भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे. वाद्यसंगीतात रविशंकर, अली अकबर खाँ, बिस्मिल्ला खाँ आणि हमखास म्हणजे हमखास 'कॉल ऑफ द व्हॅली'. दक्षिण भारतीय कुटुंबाचं घर असेल तर एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचं 'वेंकटेश सुप्रभातम्'. पारशी किंवा गोवेकर ख्रिस्ती घर असेल तर मोझार्ट आणि चायकोव्हस्की. सोव्हिएत पुस्तकांच्या प्रदर्शनात स्वस्तात घेतलेल्या मेलोदियाच्या तबकड्याही अधूनमधून निघतात.

तिसरा थर कॅसेटचा, ऐंशी आणि नव्वदच्या दशकांचा. यात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेट दिसल्या तर थांबून बघा, मोठ्या कंपन्यांनी न विचारलेले गवई तिथे भेटतात. आणि सगळ्यात वर सीडी. सकाळचे राग, संध्याकाळचे राग, मनःशांतीसाठी राग. यातले कितीतरी संच दिवाळीची भेट म्हणून आलेले आणि वरचा पातळ कागद न फाडता तसेच राहिलेले. (हशा) हसताय म्हणजे तुमच्याही घरी आहेत.

आता या ढिगात काय नाही ते बघा. अल्लादिया खाँ नाहीत. जयपूर घराण्याचे अध्वर्यू, १९४६ पर्यंत हयात, म्हणजे ध्वनिमुद्रण या देशात रुळल्यानंतर चाळीसेक वर्षं. पण त्यांनी स्वतःचं गाणं मुद्रित होऊ दिलं नाही. भास्करबुवा बखले नाहीत. ते १९२२ मध्ये गेले. बालगंधर्वांचे गुरू, मास्टर कृष्णरावांचे गुरू. शिष्यांच्या रेकॉर्ड घरोघरी, गुरूची एकही नाही. तेव्हा रेकॉर्ड ऐकून 'त्या काळचं गाणं असं होतं' असं म्हणताना जपून म्हणावं. जे गायला तयार झाले, ज्यांना कंपनीनं बोलावलं आणि ज्यांची तबकडी दुकानात खपली, त्यांचं गाणं असं होतं. एवढंच खात्रीनं म्हणता येतं.

पण हे सांगून झालं की काही जाणकार लगेच पुढचं वाक्य बोलतात : मग या रेकॉर्डमध्ये खरं गाणं नाहीच, खरं गाणं मैफलीत. इथे आमचा मतभेद आहे.

७८ ची दहा इंची तबकडी साधारण तीन ते साडेतीन मिनिटं वाजते. मैफलीत तासभर चालणारा ख्याल त्यात बसणार नाही हे उघड आहे. पण म्हणून ती रेकॉर्ड म्हणजे छाटलेला ख्याल, असं म्हणणं आळशीपणाचं आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी घ्या. ही बऱ्यापैकी सापडते, आणि पुन्हापुन्हा निघाल्यामुळे एलपीवर, कॅसेटवरही सापडते. भीमसेनांनी लहानपणी एका दुकानात खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि गाणं शिकण्याचा ध्यास घेतला, अशी गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ आहे. पण त्या रेकॉर्डमध्ये असं आहे काय?

एक म्हणजे, घाई नाही. हातात तीन मिनिटं असताना दुसरा कुणी सगळं दाखवायला गेला असता : थोडी आलापी, थोड्या बोलताना, एक तिहाई. खाँसाहेब तसं करत नाहीत. पहिला स्वर लागतो तो जणू वेळ भरपूर आहे असा. मुखड्यावर परत येताना प्रत्येक वेळी ते येणं थोडं वेगळं होतं. ऐकणाऱ्याला राग 'समजावून' दिला जात नाही, त्याला एका मनःस्थितीत नेऊन सोडलं जातं. आवाज वरच्या पट्टीत, टोकदार, आणि तरीही ताणलेला नाही. जुन्या यंत्रानं त्यातला खर्जाचा भाग कितीही खाल्लेला असला तरी स्वराची जागा पक्की कळते. हे तीन मिनिटांसाठीच रचलेलं गाणं आहे. मोठ्या चित्राचा फाटका तुकडा म्हणून ते ऐकलं तर हातातून निसटतं. लघुचित्रासारखं ऐकलं तर पुरतं.

त्याच्या शेजारी नारायणराव व्यासांची तबकडी ठेवा. विष्णु दिगंबरांचे शिष्य, कोल्हापूरचे, आणि तीसच्या दशकातले अतिशय लोकप्रिय रेकॉर्ड-गायक. त्यांनी त्याच तीन मिनिटांचा अगदी उलटा वापर केला. मांडणी चोख, ताना स्वच्छ, अस्ताई-अंतरा ठळक, शेवट घट्ट मिटलेला. शाळेतल्या उत्तम गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवावं तसं. गावोगावच्या होतकरू मुलांनी अशा रेकॉर्ड ऐकून बंदिशी पाठ केल्या आणि ते शक्य झालं ते याच स्पष्टपणामुळे. यात खाँसाहेबांची ओढ नाही, हे मान्य. पण एकाच लांबीच्या तबकडीत दोन गवई दोन संपूर्ण वेगळे विचार मांडतात, तर त्या लांबीला फक्त अडचण कसं म्हणायचं? सॉनेटला चौदाच ओळी म्हणून कुणी सॉनेट अपुरं ठरवत नाही.

आता एलपी. एका बाजूला वीस मिनिटं, थोडी इकडेतिकडे. १९५५ मध्ये अमेरिकेत अली अकबर खाँसाहेबांची एलपी निघाली, आरंभी येहुदी मेन्युहिन यांच्या प्रस्तावनेचे चार शब्द असलेली. तिथून हिंदुस्थानी संगीत लांब तबकडीवर आलं. आता विलंबित आणि द्रुत दोन्ही बसायला लागलं आणि 'एक बाजू एक राग' हा साचा तयार झाला. आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांनी स्वतःला विचारून बघावं : रागाची पूर्ण मांडणी म्हटल्यावर मनात किती वेळ येतो? आमच्या मनात तरी अजून वीस मिनिटंच येतात. हे माप कुठल्याही शास्त्रात नाही. ते व्हिनाईलच्या खाचेचं माप आहे आणि एका अख्ख्या पिढीच्या कानात जाऊन बसलेलं आहे.

या मापाचा सगळ्यात सुंदर उपयोग कुणी केला असेल तर किशोरीताईंनी. एका बाजूला बागेश्री, दुसऱ्या बाजूला भूप, ही त्यांची सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची एलपी. मराठी घरांत ती इतकी होती की आज तिला बाजारात फारसा भाव नाही. ही गोष्ट आम्हाला आनंदाची वाटते. भूप हा पाच स्वरांचा राग, संगीत शिकणाऱ्याला पहिल्या वर्षीच भेटणारा. तेच पाच स्वर देशकारात आहेत, तेव्हा भूप म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे गायकाला दाखवावं लागतं. किशोरीताई विलंबितात गंधारापाशी ज्या तऱ्हेनं रेंगाळतात, त्यातून हा राग शांत आहे की व्याकूळ आहे हे चटकन ठरवता येत नाही. आणि मग तीनतालातली ती बंदिश येते, जी पुढे हजार ठिकाणी गायली गेली. विलंबितात जी शंका निर्माण झाली होती तिचं उत्तर त्या बंदिशीत मिळतं. तासाभराच्या मैफलीत हे नातं एवढं जवळचं राहत नाही, मधे बरंच काही येऊन जातं. तबकडीच्या मर्यादेमुळे प्रश्न आणि उत्तर शेजारी आले.

म्हणजे सगळ्या सामान्य रेकॉर्ड थोर आहेत असं आमचं म्हणणं आहे का? तसं नाही, नाहीतर ही समीक्षा न होता आरती होईल. (हशा) 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. १९६७ ची. शिवकुमार शर्मा यांचं संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार. काश्मीरच्या खोऱ्यातला एक दिवस, सकाळच्या अहिरभैरवापासून रात्रीपर्यंत. घरात शास्त्रीय संगीताची एकच एलपी असेल तर ती बहुधा हीच. तिला हलकी म्हणून झटकणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही. रागाचा आणि वेळेचा संबंध ज्यांना कुणी कधी शिकवला नाही, त्यांनी तो या रेकॉर्डवरून ऐकत शिकला. संतूर हे शास्त्रीय वाद्य आहे का, हा वाद ज्या काळात चालू होता, त्या काळात ते वाद्य या तबकडीबरोबर घराघरांत पोचलं.

पण तिनं एक सवयही लावली. तिथे राग हा देखावा होतो. पहाट झाली, अहिरभैरव. संध्याकाळ झाली, दुसरा राग. संगीत कशाचं तरी चित्र आहे, आणि ते मागे चालू ठेवून आपण आपलं काम करावं, ही समजूत तिथून सुरू होते. त्या समजुतीचं टोक म्हणजे न उघडलेल्या सीडींचे ते मनःशांतीचे संच. खोऱ्यातला दिवस वाजवणाऱ्या तिघांच्या वादनात कस आहे, म्हणून ती रेकॉर्ड टिकते. नंतरच्या संचांत अनेकदा फक्त देखावा उरला.

आता आमच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. श्रोत्यांचं मत आपल्याला कळतं कुठून? वर्तमानपत्रातली परीक्षणं मैफलींची असत. घरी बसून ऐकणाऱ्या बाईंचं, कारकुनाचं, शाळामास्तरांचं मत कुणी छापलं नाही. पण ते तबकडीवर उमटलेलं आहे.

७८ च्या रेकॉर्डला पोलादी पिन लागायची. ती दर वेळी बदलायची असते, पण काटकसरीच्या घरांत तीच पुन्हा वापरायचे. त्यामुळे जी बाजू फार वाजली ती करडी पडते. उजेडात तिरकी धरली की दोन्ही बाजूंतला फरक डोळ्यांना दिसतो. एका बाजूला राग, दुसऱ्या बाजूला भजन असेल, तर घरात काय वाजायचं हे विचारावं लागत नाही. नाट्यगीतांच्या एलपीवर दोन गाण्यांच्या मधे रिकामी पट्टी असते. तिच्यावर सुई टेकवल्याचे बारीक ओरखडे असतील, तर त्यापुढचं गाणं मुद्दाम लावलं जायचं. हे वाचताना थोडी सावधगिरी हवी. रेकॉर्डच्या आतल्या खाचांत आवाज मुळातच जास्त बिघडतो आणि द्रुत बहुधा शेवटी, आतल्या भागात येतं. तेव्हा द्रुत खरखरतं म्हणून ते जास्त आवडायचं, असा निष्कर्ष काढू नये. एक बाजू करडी आणि दुसरी काळीभोर, हा पुरावा त्यापेक्षा भरवशाचा.

या नजरेनं ढिगाकडे पाहिलं की सामान्य रेकॉर्डचे दोन प्रकार पडतात. काही खूप विकल्या गेल्या आणि खूप वाजल्या. काही खूप विकल्या गेल्या आणि वाजल्याच नाहीत. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई पहिल्या प्रकारात येते. लग्नघरात, पूजेला, दिवाळीच्या पहाटे ती इतकी वाजली की चांगली प्रत सापडणं कठीण. सुब्बुलक्ष्मींचं सुप्रभातम् तसंच. साठच्या दशकापासून रोज पहाटे, वर्षानुवर्षं. अशी झिजलेली प्रत संग्राहक हातात घेत नाही. आम्ही म्हणतो, समीक्षकानं आधी तीच हातात घ्यावी. आणि भेट म्हणून आलेला कोराकरकरीत संच, ज्याची स्थिती बाजाराच्या भाषेत 'उत्तम', तो श्रोत्यांच्या मताबद्दल गप्प आहे. किंवा फार स्पष्ट बोलतोय म्हणा.

यावर हरकत येते की हे सगळं आता मोबाईलवर आहे. प्लास्टिक सांभाळून काय करायचं? प्रश्न रास्त आहे. यातलं पुष्कळ संगीत खरोखर ऐकायला मिळतं आणि मिळालंच पाहिजे. पण तिथे पोचताना काय गळतं ते पाहा. एलपीच्या मलपृष्ठावर तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सारंगीवर कोण हे छापलेलं असायचं. रागाबद्दल, बंदिशीबद्दल दोन-चार परिच्छेद असायचे. अनेक श्रोत्यांचं संगीताचं पहिलं वाचन तेच होतं. मोबाईलवर त्यातलं मुख्य कलाकाराचं नाव आणि रागाचं नाव उरतं, बहुतेकदा तेवढंच. साथीदार गळतात. आधीच मानधनात आणि मंचावर मागे राहिलेली ही माणसं. छापील कव्हर ही त्यांच्या कामाची उरलेली पावती आहे. ते कव्हर शिळफाट्याला लगद्यात गेलं, की त्या माणसानं ती वीस मिनिटं साथ केली होती हे सांगणारं काहीच उरत नाही. हे आम्हाला गंभीर वाटतं. दुर्मीळ रेकॉर्डचं कव्हर कुणीतरी जपतोच. सर्वसामान्य रेकॉर्डचं कव्हर कुठेतरी असेलच असं गृहीत धरून प्रत्येक जण टाकून देतो.

मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळींनी, सुरेश चांदवणकर यांच्यासारख्यांनी, ७८ च्या तबकड्यांची माहिती जमवण्याचं आणि छापण्याचं मोठं काम केलं आहे. ते ऋण आहेच. पण एलपी आणि कॅसेटचं सर्वसामान्य पीक अजून शेतातच पडून आहे, आणि नांगर फिरायला लागला आहे.

तेव्हा घर आवरताना करायच्या चार गोष्टी सांगतो. पहिली : टाकण्यापूर्वी प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही लेबलांचा आणि कव्हरच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मधल्या लेबलाभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेले क्रमांक असतात, तेही टिपा. त्यावरून मुद्रण ओळखता येतं. दुसरी : पेटी फोडू नका. कुणाच्या घरी कुठल्या रेकॉर्ड एकत्र होत्या, ही माहिती सुट्या रेकॉर्डमध्ये राहत नाही. यादी करा आणि घरातल्या ज्येष्ठांना विचारून कुठली कधी घेतली, कोण लावायचं, हे चार ओळींत लिहा. तिसरी : ७८ च्या लाखेच्या तबकड्या स्पिरिटनं पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि कुठलीही रेकॉर्ड आडवी रचू नका, उभी ठेवा. चौथी, सगळ्यात सोपी : एकदा ऐका. कुणाकडे तरी चालू फोनो असतोच.

आता प्रश्न घेऊ.

जुन्या रेकॉर्ड मोबाईलवर उतरवून सगळ्यांना ऐकायला ठेवल्या तर चालतं का?

आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं चालतो, आणि ही साठ वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजायची. त्यामुळे ७८ च्या बहुतेक तबकड्यांचं मुद्रण मोकळं झालेलं आहे, सत्तरच्या दशकातल्या एलपीचं नाही. मात्र गीत किंवा संगीतरचना कुणा एका माणसाची असेल, तर तिचा हक्क वेगळा मोजतात. नाट्यपदांच्या बाबतीत हे आधी तपासा. घरी ऐकण्यासाठी उतरवणं आणि जगाला वाटणं यात फरक आहे, तो पाळावा.

घरात जागाच नाही. एकच रेकॉर्ड ठेवायची तर कुठली ठेवावी?

सगळ्यात झिजलेली. (हशा) आम्ही गंमत करत नाही. नवीकोरी प्रत तुम्हाला दुसरीकडे मिळेल. तुमच्या घरात कुणीतरी जी शंभरदा ऐकली ती प्रत दुसरीकडे मिळणार नाही.

पण ती लागतच नाही, नुसती खरखर येते.

येऊ दे. त्या खरखरीतून पलीकडचा स्वर शोधत ऐकणं, हेच तर तिच्या मालकांनी आयुष्यभर केलं. कव्हरच्या मागे तबलजीचं नाव असेल, ते तेवढं मोठ्यानं वाचा. मग सुई ठेवा.

शेवटची गाडी चुकवू नका.